तीन कंपन्या, एकच भाव: गॅसची कंपनी बदलता आली तर काय फरक पडेल?

तिसरा_मजला

मंडळी,

सप्टेंबर २०२५ च्या शेवटी पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने एलपीजीबाबत लोकांकडून सूचना मागवल्या. विषय असा की, आपल्या कंपनीचा वितरक वेळेवर बाटला देत नसेल, तर दुसऱ्या कंपनीच्या जवळच्या वितरकाकडून भरलेला सिलिंडर घेता यावा. बातमी वाचून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आनंदाची लाट आली. एका काकांनी तर लिहिलं, "आता स्पर्धा होणार, भाव पडणार!"

मला शंका आहे. आमच्या इमारतीत (परळ, अजून पाइप आलेला नाही) तळमजल्यावर भारत गॅस, दुसऱ्यावर एचपी आणि आमच्याकडे इंडेन. तिघांचा भाव एकच, ऑक्टोबर २०२५ मध्ये ८५२ रुपये ५० पैसे. दादरला शेजारशेजारच्या दोन गाड्यांवर कांद्याचा भाव सारखा नसतो. मग एवढ्या मोठ्या तीन कंपन्या पन्नास पैशांनीसुद्धा एकमेकींपेक्षा स्वस्त का होत नाहीत? आणि आज होत नसतील तर कंपनी बदलायची मुभा मिळाल्यावर तरी कशा होतील?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. पाइप गॅसवाल्यांनी आणि विजेवर स्वयंपाक करणाऱ्यांनीही लिहा.

खटपट्या

तिघींचा मालक एकच. भारत सरकार. उत्तर मिळालं, धाग्याला कुलूप लावा.

पिनवाला_प्रायमस

@खटपट्या, एचपीसीएलमधला (एचपी गॅसच्या कंपनीतला) सरकारचा हिस्सा २०१८ मध्ये ओएनजीसीने घेतला. म्हणजे मालक सरकार नाही, सरकारची कंपनी. बघा, केवढी स्पर्धा आली!

भातुकली

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. भाजले मात्र इंडक्शनवर, गॅसचा नंबर कालच लावलाय.

गोडाऊन_कीपर

मी बरीच वर्षं एका गॅस एजन्सीत हिशेब सांभाळले, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

घरगुती बाटल्याचा भाव कंपनी ठरवते हा समज आधी काढून टाका. भारतात लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून बराच जास्त बाहेरून येतो, मुख्यतः आखातातून. त्यामुळे मूळ किंमत सौदी अरामको ही तेल कंपनी दर महिन्याला जाहीर करते त्या भावावर बेतलेली असते. त्यावर जहाजाचं भाडं, बंदराचा खर्च, बाटल्या भरण्याचा खर्च, प्लँटपासून गावापर्यंतची वाहतूक, वितरकाचं कमिशन आणि पाच टक्के जीएसटी. कमिशनही दिल्लीतून ठरतं, एजन्सीवाला ठरवत नाही. या सगळ्याची बेरीज होते तो खरा खर्च. ग्राहकाकडून किती घ्यायचे हा सरकारचा वेगळा निर्णय. फरक पडला तर कंपनी तोटा सोसते आणि पुढे कधीतरी सरकार तो भरून देतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने तिन्ही कंपन्यांना मिळून ३०,००० कोटी रुपये मंजूर केले, तेही बारा हप्त्यांत. २०२२ मध्ये असेच २२,००० कोटी दिले होते.

जी वस्तू तोट्यात विकायची आणि तोटा तिसऱ्यानेच भरायचा, तिचा भाव आणखी उतरवून ग्राहक ओढायचा उद्योग कोण करेल? जितके ग्राहक जास्त तितका तोटा जास्त.

आणि एक गंमत. तुमच्या इमारतीतल्या तिन्ही बाटल्यांत एकाच ठिकाणचा गॅस असू शकतो. या कंपन्या एकमेकींच्या बॉटलिंग प्लँटमध्ये आपले बाटले भरून घेतात, एकीची रिफायनरी बंद असली की दुसरीचा माल उचलतात. रंग लाल, वजन १४.२ किलो, मानकही एकच. वेगळं काय, तर बाटल्यावरचं नाव.

खटपट्या

म्हणजे माझं एका ओळीचं उत्तर बरोबर होतं, फक्त तुम्ही त्याला जीएसटी लावला.

मोकळा_बाजार

गोडाऊन कीपर यांच्या प्रतिसादातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. ही स्पर्धाच नव्हे. खासगी कंपन्यांना मैदानात येऊ द्या, मग बघा भाव कसे येतात जमिनीवर. टेलिफोनचं काय झालं ते आठवा.

गोडाऊन_कीपर

@मोकळा_बाजार, येऊ दिलं होतं की. १९९३ मध्ये समांतर विक्रीला परवानगी मिळाली. खासगी कंपन्या आल्या, बाटल्या आणल्या, एजन्सी नेमल्या. अनामत घेऊन लगेच कनेक्शन, नंबर लावून थांबायची भानगड नाही. तोवर सरकारी कनेक्शनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत आणि खासदारांच्या कोट्यातली कुपनं मिळवायला ओळखी काढत. त्यामुळे सुरुवातीला खासगीवाल्यांचं बरं चाललं. पण सरकारी बाटल्यावर अनुदान होतं, खासगीवर नव्हतं. सरकारी कनेक्शन सहज मिळू लागल्यावर घरगुती गिऱ्हाईक कशाला थांबेल? हॉटेलं, कारखाने, गाड्यांचा एलपीजी याकडे त्या वळल्या. आजही परवानगी आहेच. तोट्यात विकणाऱ्याशी भावात लढायची कुणाची तयारी असेल तर दार उघडं आहे.

मोकळा_बाजार

मग अनुदान बंद करा आणि सगळ्यांना एका रेषेत उभं करा.

भातुकली

अनुदान २०२० पासून आमच्या खात्यात येतच नाही. उज्ज्वलावाल्यांना मिळतं, बाकीच्यांना 'अनुदान शून्य रुपये जमा' असाही मेसेज येत नाही आता.

पोळीभाजी_केंद्र

मी इकडे क्वचित लिहिते, पण हा माझा रोजचा विषय आहे. कांदिवलीला माझं पोळीभाजी केंद्र आहे, १९ किलोचे निळे बाटले लागतात.

तुम्ही सगळे म्हणताय स्पर्धा नाही. आमच्याकडे या, दाखवते. व्यावसायिक बाटल्याचा भाव दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, अनुदान वगैरे काही नाही, वर अठरा टक्के जीएसटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत दीड हजारापेक्षा थोडा जास्त होता. पण हा झाला कागदावरचा भाव. महिन्याला ठरावीक बाटल्या घेणाऱ्याला त्या भावाने कुणीच देत नाही! सरकारी कंपन्यांचेच वितरक येऊन विचारतात, "ताई, आत्ता कितीला घेता?" आणि त्याखाली आकडा सांगतात. खासगीवाला आणखी खाली जातो. माझा आत्ताचा वितरक आधीच्यापेक्षा बाटलीमागे बऱ्यापैकी कमी घेतो, पंधरा दिवसांची उधारी देतो आणि रविवारी संध्याकाळी फोन केला तरी माणूस पाठवतो. आधीच्याला सांगितलं मी सोडतेय, तर तोही भाव कमी करायला तयार झाला. म्हटलं, इतके दिवस काय झोपला होतास?

तेच वितरक, त्याच कंपन्या, तीच गोडाऊनं. लाल बाटल्यासाठी गिऱ्हाइकाने वितरकामागे धावायचं, निळ्यासाठी वितरकाने गिऱ्हाइकामागे. आता यातून काय ते तुम्हीच काढा.

तिसरा_मजला

ताई, धाग्याचं सार्थक झालं. म्हणजे भाव मोकळा आहे तिथे हीच माणसं भांडतात, बांधलेला आहे तिथे गप्प.

मोकळा_बाजार

हेच मी मघापासून सांगतोय. अनुमोदन.

गोडाऊन_कीपर

थोडं थांबा. पोळीभाजी ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण ती सूट येते कुठून? मोठ्या गिऱ्हाइकाला एका फेरीत पाच-सहा बाटल्या उतरवता येतात. तुमच्याकडे महिना-दीड महिन्यात एक बाटली, चौथा मजला, लिफ्ट बंद, आणि घरात कुणी नसलं की पुन्हा फेरी. घरगुती भाव उद्या मोकळा केला तर परळच्या तिसऱ्या मजल्याला सूट मिळेल की अधिभार लागेल हे आधी ठरवा, मग अनुमोदन द्या.

तिसरा_मजला

आमची लिफ्ट चालू असते हो. (आज नव्हती.)

सानपाड्याची_सुमेधा

पाइप गॅसवाल्यांना बोलावलंत म्हणून आले.

आमच्याकडे महानगर गॅस. मुंबईत पाइप एकाच कंपनीचा, त्यामुळे स्पर्धा नाहीच असं वाटतं. पण खरी स्पर्धा पाइप आणि बाटला यांच्यात आहे. म्हणून एकदा हिशेब मांडून बघितला. उष्णतेच्या मानाने एका १४.२ किलोच्या बाटल्याला पाइप गॅसचे साधारण अठरा युनिट (म्हणजे घनमीटर) लागतात. युनिटचा भाव ऑक्टोबर २०२५ मध्ये ४९ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ८८० च्या घरात. बाटला ८५२.५०. जवळजवळ बरोबरी, पाइप किंचित महागच.

आता मागे जाऊ. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने देशी गॅसच्या भावाचं सूत्र बदललं: कच्च्या तेलाच्या भावाच्या दहा टक्के, पण दर दशलक्ष बीटीयू उष्णतेमागे कमाल साडेसहा डॉलर. महानगरने लगेच पाइप गॅस पाच रुपयांनी उतरवून ४९ वर आणला. तेव्हा बाटला ११०२.५० ला होता. म्हणजे एका बाटल्याइतक्या उष्णतेमागे पाइपवाल्याची दोनशेहून जास्त बचत! आमच्या सोसायटीत त्या वर्षी राहिलेल्यांनीही फॉर्म भरले. मग ऑगस्ट २०२३ मध्ये बाटला दोनशेने उतरला, मार्च २०२४ मध्ये आणखी शंभरने, आणि पाइपची सगळी बचत गेली. एप्रिल २०२५ मध्ये बाटला पन्नासने वाढला, तरी अंतर भरलेलं नाही.

यात कुठल्याच कंपनीने कुणाशी स्पर्धा केली नाही. दोन्ही आकडे वरून हलले. आणि पाइप स्वस्त होता म्हणून तिकडे गेलेले, तो महागल्यावर परत आले का? नाही. भिंतीत भोक पडलं, बाटला जमा केला, विषय संपला.

पिनवाला_प्रायमस

ऑगस्ट २०२३ ला रक्षाबंधन, मार्च २०२४ ला महिला दिन. गॅसचा भाव बाजार नाही, पंचांग ठरवतं. पुढचा मुहूर्त दाते पंचांगात बघून सांगतो.

कुर्ला_टर्मिनस

@सुमेधा, एक भर. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला. पाइपचा भाव तुमच्या हिशेबाइतका खाली राहिला त्यात याचाही वाटा आहे. नैसर्गिक वायू जीएसटीत नाही, म्हणून प्रत्येक राज्याचा कर वेगळा. किरकोळ भावावर कंपन्यांच्या स्पर्धेपेक्षा या एका सहीचा परिणाम मोठा झाला.

पाइपमध्ये दुसऱ्या कंपनीला गॅस सोडू द्यावा, भाडं घेऊन, अशीही नियामक मंडळाची कल्पना आहे. शहरात पहिल्या कंपनीला काही वर्षं एकाधिकार, मग पाइप सगळ्यांना खुला. शहर-गॅस कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि घोडं तिथेच अडलंय.

अंधेरी_पूर्व

पाइप एकाचा आणि गॅस दुसऱ्याचा, असं झालं तर काय होतं याचं उत्तर मुंबई उपनगराकडे आधीपासून आहे. आम्ही विजेत ते भोगलंय आणि उपभोगलंयही.

नवीन लोकांसाठी: जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकायचा हक्क असल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने रस्ता काढला की, तारा रिलायन्सच्याच राहतील, वीज टाटाची घ्या आणि तारांचं भाडं रिलायन्सला द्या. उपनगरात तेव्हा टाटाचे दर बरेच कमी होते. लोकांनी धडाधड अर्ज केले. आमच्या मजल्यावरचे सगळे गेले, आम्हीही गेलो. बिल खरोखर उतरलं. त्यामुळे स्पर्धेने भाव कमी होतच नाही असं मी म्हणणार नाही. झाला होता, माझ्या घरात झाला होता.

पण पुढचं ऐका. आधी गेले कोण, तर जास्त वीज जाळणारे: एसीवाले, दुकानं, ऑफिसं. हेच लोक जास्त दर भरून लहान ग्राहकांचा दर खाली ठेवत होते. ते गेल्यावर मागे राहिलेल्या चाळींचा आणि झोपड्यांचा भार कुणी उचलायचा? म्हणून क्रॉस सबसिडी अधिभार आला, तो गेलेल्यांच्या बिलात लागला. २०१२ मध्ये तर आयोगाला सांगावं लागलं की टाटाने तीनशे युनिटांच्या आतल्या लहान ग्राहकांकडे बघावं. मग दर बदलत गेले, कधी हा स्वस्त कधी तो. २०१८ मध्ये रिलायन्सच्या जागी अदानी आले. अलीकडे कित्येक जण उलट दिशेनेही गेले.

बिलाचे तुकडे करून बघा. वीज विकत घेण्याचा खर्च, पारेषण, तारांचं भाडं, अधिभार, सरकारचा वीज शुल्क. यातल्या ज्या तुकड्यावर दोन कंपन्या खरोखर एकमेकींशी लढू शकतात तो फक्त वीजखरेदीचा. टाटाची जुनी जलविद्युत केंद्रं, ट्रॉम्बेचं केंद्र यांचा फायदा त्या तुकड्यात होता, म्हणून सुरुवातीला फरक मोठा दिसला. गॅसमध्ये तो तुकडासुद्धा नाही, कारण तिघी एकाच सौदी भावाने बांधलेल्या. माझ्या मते तिसरा मजला यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: पुरवठादार किती आहेत ते मोजू नका, किमतीतला कितवा हिस्सा त्यांच्या हातात आहे ते मोजा.

गिरगावात_अजून

उपनगरवाल्यांची चैन बघा. आम्ही बेस्टचे. बेस्ट स्थानिक प्राधिकरण असल्यामुळे तिच्या तारा दुसऱ्याला वापरू द्यायची सक्ती नाही. आम्हाला ना कंपनी बदलायची सोय, ना तक्रार करायची उमेद. बस मात्र वेळेवर येत नाही.

मुलुंड_चेकनाका

आणि आम्ही मुंबईत असून महावितरणचे! समांतर परवान्यासाठी, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज विकण्यासाठी, अदानींनी अर्ज केला तर जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले. त्याच दिवशी मिटला म्हणून बरं. आमच्या ग्रुपवर तेव्हा दोन तट पडले होते. आमचे बाबा निवृत्त वीज मंडळवाले, त्यामुळे घरात एकच तट.

अंधेरी_पूर्व

@मुलुंड_चेकनाका, बाबांना विचारा, मंडळाच्या वसाहतीत वीज कुणाची ते.

संपादक

धागा गॅसचा आहे. विजेच्या संपासाठी वेगळा धागा काढावा.

लंडनचा_पावटा

लंडनचा म्हणतो पण राहतो वेल्सच्या सीमेवर एका खेड्यात. मूळ दादरचा. इकडच्या दोन गोष्टी सांगतो, कारण स्पर्धेचे दोन्ही चेहरे पाहतोय.

आमच्या खेड्यात पाइप गॅस नाही. घर तापवायला रॉकेलसारखं तेल लागतं, अंगणात टाकी. त्याला ना सरकारी भाव ना भावाची कमाल मर्यादा. तीन-चार पुरवठादारांना फोन करायचे, लिटरचा भाव विचारायचा, तो रोज बदलतो. इथे खरंच पेनी-पेनीने फरक पडतो. गावातले वीसेक जण मिळून एकत्र मागणी नोंदवतो, म्हणजे टँकरची एकच फेरी होते आणि भाव आणखी उतरतो. हे गोडाऊन कीपर यांच्या 'एका फेरीत किती बाटल्या'सारखंच झालं.

दुसरी गोष्ट पाइप गॅस आणि विजेची, शहरातली. तिथे स्पर्धा इतकी मोकळी केली की वेबसाइट काढून कुणीही पुरवठादार व्हावा. गॅस घाऊक बाजारातून उचलायचा आणि स्वस्त विकायचा. २०१९ पासून नियामकाने कमाल दरही घालून दिला. २०२१ मध्ये घाऊक भाव भडकले आणि दोन डझनांहून जास्त पुरवठादार बुडाले. बल्ब नावाची त्यातली मोठी कंपनी सरकारला चालवावी लागली. बुडालेल्यांचे ग्राहक दुसऱ्यांच्या गळ्यात टाकले आणि तो खर्च सगळ्या देशाच्या बिलावर वाटला. ज्यांनी कधी कंपनी बदललीच नव्हती त्यांनीही भरला.

आता तुमच्या धाग्याशी थेट जुळणारं. इकडे घरगुती एलपीजीची मोठी टाकी पुरवठादाराच्या मालकीची असते. पूर्वी कंपनी बदलायची म्हणजे जुनी टाकी उचलून न्यायची, जमिनीखालची असेल तर खणून काढायची आणि नवी बसवायची. कोण बदलेल? स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २००९ च्या सुमारास नियम आला की टाकी जागेवरच राहील, नवा पुरवठादार ती जुन्याकडून विकत घेईल. सगळं अडलं होतं ते टाकी कुणाची यावर. तुमच्या बाटल्याचं काय करणार आहेत?

गोडाऊन_कीपर

पावटेसाहेब, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

आपल्याकडे बाटला कंपनीचा, आपण फक्त अनामत भरतो. २०१३-१४ मध्ये एकदा पोर्टेबिलिटी, म्हणजे कंपनी बदलायची सोय, आलीच होती, आधी काही शहरांत, मग बऱ्याच जिल्ह्यांत. पण एकीचा बाटला दुसरीने भरायचा नाही. त्यामुळे कंपनी बदलायची तर बाटला आणि रेग्युलेटर परत करा, एसव्हीवर (कनेक्शनच्या पावतीवर) लिहिलेली अनामत परत घ्या आणि नव्या कंपनीकडे आजच्या दराने अनामत भरा. जून २०२२ पासून १४.२ किलोच्या बाटल्याची अनामत १४५० वरून २२०० झाली, रेग्युलेटरची १५० वरून २५०. ज्याच्या एसव्हीवर जुन्या काळची काहीशे रुपयांची अनामत आहे, त्याने डबल बाटला बदलला तर खिशातून किती जातील ते तुम्हीच काढा. भावात एक पैशाचा फरक पडणार नसताना हे कोण करेल?

आता नियामक मंडळाला हवंय ते वेगळं आहे. बाटला कुठल्याही कंपनीचा असो, भरून मिळावा. त्यासाठी तिघींना आपापल्यात बाटल्यांचा हिशेब ठेवावा लागेल. प्लँट आधीच एकमेकींचे वापरतात, त्यामुळे अशक्य नाही. मात्र फुटका व्हॉल्व्ह किंवा चाचणीची मुदत उलटलेला बाटला सापडला तर जबाबदार कोण, यावर भांडण होणार हे लिहून ठेवा.

लालबागचा_बाळ्या

अवांतर आहे, पण राहवत नाही. मुंबईत पाइप गॅस नवीन नाही. लालबागला गॅस कंपनी लेन आहे ना, ती उगाच नाही. बॉम्बे गॅस कंपनी कोळशापासून गॅस करायची, १८६० च्या दशकात रस्त्यावरचे दिवे त्यावर लागले आणि पुढे घराघरांतही तो गॅस आला. आमची आजी त्याला 'कंपनीचा गॅस' म्हणायची आणि बाटल्याला 'शेलचा'. कारण एलपीजीचा बाटला मुंबईत आणला बर्मा शेलने, पन्नासच्या दशकाच्या मध्यावर. ज्यांना दोन्ही परवडत नसे त्यांना रेशनचं रॉकेल, वखारीतला कोळसा आणि भुशाची शेगडी. म्हणजे एका चाळीत पाच इंधनं आणि पाच पुरवठादार. १९७४ मध्ये एस्सो आणि १९७६ मध्ये बर्मा शेल सरकारी झाल्या, त्यांचेच आजचे एचपी आणि भारत.

आता मोकळा बाजार म्हणतील, बघा तेव्हा किती स्पर्धा होती! होती ना. रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन उभं राहायची स्पर्धा.

मोकळा_बाजार

माझं नाव घेतल्याशिवाय कुणाचा प्रतिसाद पूर्ण होत नाही का? असो, गंमत म्हणून घेतलं.

पण एक सांगा, स्पर्धा फक्त भावाचीच असते का? आमच्याकडे बाटला आणणारा माणूस पावतीवरच्या आकड्यावर दर वेळी वरकड मागतो. एजन्सीत फोन केला तर "देऊ नका" म्हणतात, आणि न दिल्यास पुढच्या वेळी 'दरवाजा बंद होता' असा शेरा मारून बाटला परत जातो. हा माझा खरा किरकोळ भाव आहे. ८५२.५० हा वर्तमानपत्रातला.

भातुकली

+१. आमच्याकडे त्याला 'चहापाणी' म्हणतात. ओटीपी आल्यापासून 'दरवाजा बंद' कमी झालंय, चहापाणी नाही.

पोळीभाजी_केंद्र

निळ्या बाटल्याला चहापाणी कधी मागितलं नाही कुणी. कारण त्याला माहीत आहे, मी उद्या दुसरा बघेन.

तिसरा_मजला

चर्चा फिरून मूळ प्रश्नावर आली. मला जे समजलं ते असं: कंपनी बदलायची मुभा मिळाली तरी ८५२.५० हलणार नाही, कारण तो आकडा कंपनीच्या हातात नाही. हलेल ते त्यावरचं. चहापाणी, उशीर, वजनात कमी येणारा बाटला. मोकळा बाजार आणि पोळीभाजी ताई दोघंही इथे बरोबर, आणि अंधेरी पूर्व यांचा 'कितवा हिस्सा हातात' हा मुद्दाही.

मंडळाला सूचना पाठवतोय. त्यात लिहितोय की बाटला बदलताना अनामत नव्याने घेऊ नये. आणखी काही?

गोडाऊन_कीपर

लिहा की वितरकाचं कमिशन दिलेल्या बाटलीमागेच मिळावं आणि ज्याने प्रत्यक्ष पोहोचवली त्यालाच मिळावं. मूळ एजन्सी घरबसल्या अर्धं कमिशन खाणार असेल तर दुसऱ्याचा माणूस तुमचा जिना कशाला चढेल? सगळी योजना या एका ओळीवर तरेल किंवा बुडेल. गोडाऊनवरून स्वतः आणणाऱ्याला पोहोचवण्याची रक्कम वजा मिळते, हेही पावतीवर ठळक छापावं. फार थोड्यांना माहीत असतं.

सानपाड्याची_सुमेधा

आणि पाइपवाल्यांना वाऱ्यावर सोडू नका. आम्ही बाटला जमा केलाय. उद्या पाइप बराच महागला तर परत यायला नवी अनामत का?

खटपट्या

मी तर म्हणतो इंडक्शन घ्या, तिन्ही कंपन्यांना रामराम.

अंधेरी_पूर्व

@खटपट्या, हिशेब केलाय. एका बाटल्यातली उष्णता साधारण १८० युनिट विजेएवढी. शेगडीवर तिच्यातली साठ-पासष्ट टक्केच भांड्याला लागते, इंडक्शनवर पंच्याऐंशीच्या आसपास. म्हणजे एका बाटल्याचं काम १३०-१३५ युनिटांत होईल. ८५२ ला भागा, युनिट सव्वासहा-साडेसहा रुपयांना पडली तर बरोबरी. मुंबईत शंभर युनिटांच्या वर गेलात की सगळं धरून त्या भावात वीज कुठलीच कंपनी देत नाही. आणि इंडक्शनची युनिटं तुमच्या वापराच्या वरच्या टप्प्यात मोजली जातात, हे विसरू नका.

खटपट्या

म्हणजे रामराम परत घेतो.

भातुकली

कुणीतरी वर 'चाचणीची मुदत' म्हणालं. ती बाटल्यावर कुठे बघायची? आज बाटला आलाय, वरच्या पट्टीवर आतल्या बाजूने 'बी-२७' लिहिलंय.

गोडाऊन_कीपर

तीच ती. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. तुमच्या बाटल्याची चाचणी जून २०२७ पर्यंत चालेल, खुशाल लावा. मुदत उलटलेला आला तर घेऊ नका, त्याच माणसाकडून परत पाठवा. आणि तो दारात असतानाच वजन करून मागा, त्याच्याकडे काटा असायला हवा. रिकाम्या बाटल्याचं वजन त्याच पट्टीवर असतं, त्यात १४.२ मिळवा.

भातुकली

काटा 'गाडीत राहिलाय' म्हणाला.

पिनवाला_प्रायमस

गाडी कुठे आहे विचारलंत का? ती 'पुढच्या गल्लीत' असते.